मुदत कोणासाठीं थांबत नाहीं

आमच्या शहरांतील एखाद्या व्यापाऱ्यास सायंकाळीं ‘आज दिवसभरांत काय केलेंत?’ असें विचारावें, तर ‘क्षणाची उसंत नव्हती’ हें उत्तर हमखास मिळतें. उत्तर खोटें नसतें. गिऱ्हाईक आलें, दलाल आला, मोबाईल वाजत राहिला, वर्गणीवाले आले, लग्नाचें आमंत्रण द्यावयास आलेले पाहुणे तासभर बसले. दिवस भरला खरा. पण त्यांत खऱ्या कामाचा भाग किती, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

जें काम दाराशीं येऊन हांक मारतें तेंच महत्त्वाचें, अशी एक समजूत आमच्यांत रुजली आहे. वस्तुतः महत्त्वाचीं कामें बहुधा मुकीं असतात. कायद्यांतीलच उदाहरण घ्या. उधार दिलेल्या मालाची किंमत किंवा उसनी दिलेली रक्कम वसूल करण्याचा दावा सामान्यतः ३ वर्षांच्या आंत लावावा लागतो, असें १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. मुदत सरण्यापूर्वीं ऋणकोनें देणें कबूल असल्याचें लिहून सही करून दिली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हां मोजली जाते. काम केवढें? एक कागद व एक सही! परंतु तो कागद दुकानाच्या पायरीवर येऊन बसत नाहीं. म्हणून तो ‘उद्यां’वर जातो, आणि एके दिवशीं वकिलाकडून कळतें कीं, येणें खरें आहे, पण दावा मुदतीबाहेर गेला. ज्यानें रोजकीर्द एक दिवसही चुकविली नाहीं त्याचेंच हें नुकसान होतें. कारण रोजकीर्द रोज मागणी करते, मुदत मुकाट्यानें सरते.

जो न्याय पैशाला तोच विद्येला, प्रकृतीला, मुलांच्या शिक्षणाला व सार्वजनिक कार्याला. ‘एकांत मिळता तर आम्हींही कांहीं केलें असतें’ असें म्हणणारे लोकमान्य टिळकांचा दाखला देतात. १९१०-११ च्या हिवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें हें खरें. पण एकांतासाठीं सरकारनें प्रत्येकास ६ वर्षांची शिक्षा द्यावी, अशी कोणाची इच्छा नसावी! तेव्हां दुसरा दाखला महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा घ्यावा. मुंबईच्या हायकोर्टांत वकिली, मध्यंतरीं मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद, पुढें राज्यसभेचें सभासदत्व, इतका व्याप संभाळून त्यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजींत सिद्ध केला. पहिला खंड १९३० सालीं निघाला, पांचवा १९६२ सालीं पुरा झाला. पृष्ठें ६,००० हून अधिक. मुंबईंत राहणाऱ्या वकिलास या ३२ वर्षांत अडथळे आले नसतील, हें कोण मानील? अडथळे सरल्यावर लिहूं, असें म्हटलें असतें तर पहिला खंडही निघाला नसता.

हा दोष एकेकट्या व्यक्तीचा नाहीं, समाजाचाही आहे. दुसऱ्याच्या वेळेला किंमत असते, हेंच आम्हांस मान्य नाहीं. न कळवितां जावें, निरोपाचें उत्तर तत्काळ मागावें, आणि कोणी ‘उद्यां या’ म्हटलें तर त्यास गर्विष्ठ ठरवावें, ही रीत आतां टाकली पाहिजे. प्रत्येकानें दुकान वा कचेरी उघडण्यापूर्वींचा एक तास मुक्या कामांसाठीं राखावा. त्या तासांत मोबाईल बंद, दार बंद. आठवड्यांतून एकदां, जशी रोजकिर्दीची खतावणी करतों तशी, गेलेल्या दिवसांचीही करावी. घरांतील स्त्रियांसही असा तास मिळाला पाहिजे. त्यांच्या वेळेला तर आम्ही ‘वेळ’ हें नांवही देत नाहीं.

बुडालेलें येणें धंद्यांत पुन्हां मिळवितां येईल; पण सरलेल्या वर्षाची कबुली लिहून देणारा ऋणको अद्याप कोणास भेटलेला नाहीं.