खांदा कसा ठेवायचा? निकाहची शेरवानी शिवताना

लग्ने पावसाळ्याआधी उरकायची, ही आपल्या कर्जत-खालापूर भागातली जुनी रीत. गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा निकाह झाला. त्याच्या शेरवानीचे माप द्यायला आम्ही कर्जतच्या बाजारातल्या एका जुन्या मास्टरांकडे गेलो. कापड ठरले, रंग ठरला, गळा ठरला. मग मास्टरांनी विचारले, "तीरा कसा ठेवू? पॅडचा की साधा?" तीरा म्हणजे खांदा.

भाचा लगेच म्हणाला, "जाड पॅड टाका." कारण मला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून त्याच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण तो खांदा बोटभर खाली राहिला. निकाहच्या फोटोत ते दिसू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

मास्टरांनी टेप गळ्यात अडकवली आणि आम्हाला बसायला सांगितले. त्या अर्ध्या तासात जे कळले, ते घरात लग्न असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

आधी खांदाच का?

शेरवानी असो, बंदगळा असो की सूट, कंबर नंतर आत घेता येते, बाही आखूड करता येते. खांद्याचे तसे नाही. तो बदलायचा तर बाह्या उसवाव्या लागतात, कधी गळ्यालाही हात लावावा लागतो. खांदा अरुंद कापला गेला असेल तर वाढवायला कापडच उरत नाही. म्हणून हा निर्णय कात्री लागण्याआधी घ्यावा.

खांद्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला पॅडचा, भरीव आणि सरळ. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर लष्करी गणवेशही शिवले जात. ताठ खांद्याच्या कोटावर त्या गणवेशांची छाप आहे. आपली शेरवानी एकोणिसाव्या शतकात अंगरखा आणि इंग्रजी फ्रॉक कोट यांच्या मेळातून घडली असे मानतात. म्हणून तिलाही बांधीव खांदा शोभतो. दुसरा साधा खांदा. यात पॅड नसतो किंवा अगदी पातळ असतो, आणि कोट अंगाच्या उताराप्रमाणे उतरतो. इटलीतल्या नेपल्सचे शिंपी यासाठी नावाजलेले. ते शर्टाच्या बाहीसारखी, माथ्यावर बारीक चुण्या ठेवून बाही जोडतात. तिसरा उठावाचा. यात बाहीच्या माथ्याशी आतून पट्टी भरतात, त्यामुळे जोडाची कड किंचित वर उठते.

फार उतरत्या खांद्याला पातळ पॅड आधार देतो. मुळातच रुंद खांद्याच्या माणसाला साधा खांदा बरा. पॅडने तो आणखी पसरट दिसतो.

सजद्याची कसोटी

माझ्या स्वतःच्या वलीम्याचा कोट जाड पॅडचा होता. उभे राहिले की छान दिसे. त्याच कोटावर नमाजला उभा राहिलो. तकबीरला हात उचलले तर पॅड कानाला लागले, आणि सजद्यात पाठ अशी ओढली गेली की शिवण उसवेल असे वाटले. मी तो दोष पॅडचाच धरून चाललो होतो. मास्टर म्हणाले, अर्धा दोष मुंढ्याचा.

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो घेर. हात मोकळा राहावा म्हणून लोक तो खोल मागतात. होते उलटेच. मुंढा फार खाली असला की हात उचलताना बाहीबरोबर सगळा कोट वर येतो. काखेजवळ, पण काचणार नाही इतका वर घेतला की कोट जागेवर राहतो आणि हात फिरतो. भाच्याचा निकाह मशिदीत, असरच्या नमाजनंतर होता. त्यामुळे आमच्यासाठी ही बाब महत्त्वाची होती.

मे महिन्याच्या उकाड्यात जाड फोम अंगाला चिकटतो, तेही पाहावे. आतल्या कापडाबद्दलही विचारावे. चिकटवलेल्या बुकरमला दमट हवेत पुढे फुगे येऊ शकतात; टाके घालून बसवलेला कॅनव्हास जास्त टिकतो, मात्र मजुरी वाढते. आणि पुरुषांना शुद्ध रेशीम मना आहे, हे कापड घेतानाच लक्षात ठेवावे.

कच्च्या शिलाईची ट्रायल चुकवू नये. तिथे तीन गोष्टी कराव्यात. भिंतीला बाजूने टेकून उभे राहावे. दंडाआधी पॅड भिंतीला लागला तर खांदा रुंद झाला आहे. आरशात बाहीच्या माथ्याखाली खळगा पडतो का ते बघावे. मग दोन्ही हात कानांपर्यंत नेऊन रुकूत वाकून पाहावे.

भाच्याचा खांदा

मास्टरांनी भाच्याला समजावले, "बेटा, दोन्हीकडे जाड पॅड टाकले तर दोन्ही खांदे सारखेच वर जातील. फरक तेवढाच राहील." त्यांनी दोन्ही बाजूंना पातळ पॅड ठेवला आणि उजवीकडे आतून कापसाचा एक जादा थर दिला. कापतानाही उजव्या बाजूचा उतार वेगळा धरला. दोन खांद्यांत थोडा फरक पुष्कळ लोकांत असतो, माप घेताना तो मोकळेपणाने सांगावा, असेही ते म्हणाले.

दुकानातून निघताना भाच्याने विचारले, "मामू, हे लपवणे तर नाही ना?" मी म्हटले, तू मुलीच्या घरी अपघाताचे आधीच सांगितले आहेस. आता कोट नीट बसवणे ही जीनत आहे. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत मशिदीत जाताना जीनत करण्याचा हुकूम आहे आणि त्याच आयतीत इसराफची मनाईही आहे. चांगले शिवलेले एक साधे वस्त्र या दोन्हींत बसते. मुंबईच्या भरजरी शेरवानीसाठी बाजूला काढलेल्या पैशातून जे वाचले, ते त्याने मेहेरच्या रकमेत घातले.

असरला तो माझ्या शेजारच्या सफेत होता. सजद्यातून उठला तेव्हा शेरवानी जागच्या जागी होती. नंतर फोटो आले. त्यात उजवा खांदा कोणता, हे मला शोधावे लागले. तो मात्र शोधत नव्हता.