दारूबंदी जिल्ह्यातील व्यसनविषयक चाळणी-चाचण्या

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला लागून, नाचणगाव वसले आहे. महात्मा गांधींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. जवळच वाहणारी वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो व तेथे परवानाधारक दुकानांतून दारू राजरोस विकली जाते. अशा ठिकाणी ‘आपण दारू पिता काय?’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे विचारणाऱ्यावर अवलंबून असते. वैद्याने विचारल्यास तो प्रकृतीचा प्रश्न ठरतो. पोलिसाने विचारल्यास गुन्ह्याच्या कबुलीचा. व्यसनविषयक चाळणी-चाचण्यांचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

चाळणी-चाचणी म्हणजे निदान नव्हे. पुढील तपासणी कोणाची करावी, एवढेच ती सांगते. ‘केज’ ही सर्वांत आटोपशीर चाचणी. दारू कमी करावीशी वाटणे, लोकांच्या टीकेचा राग येणे, अपराधी वाटणे आणि सकाळी उठताच प्यावीशी वाटणे, असे तिचे चार प्रश्न. त्यांतील दोहोंना होकार आल्यास संशय घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ १९८९ साली प्रसिद्ध झाली. तीत १० प्रश्न व ४० गुण असून ८ किंवा अधिक गुण धोक्याचे मानतात. त्याच संघटनेची ‘असिस्ट’ ८ प्रश्नांत तंबाखू, दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ इत्यादी सर्वांची चौकशी करते. ‘ऑडिट’ ज्या सहा देशांतील रुग्णांवरून रचली गेली त्यांत भारत नव्हता. ‘असिस्ट’च्या पारखणीत मात्र भारताचा सहभाग होता.

या चाचण्या नुसत्या भाषांतराने येथे उपयोगी पडत नाहीत. दारू पिणे हेच जेथे लोकनिंद्य, तेथे क्वचित पिणाऱ्यासही अपराधी वाटते व घरचे लोकही त्याला बोलतात. म्हणजे ‘केज’मधील दोन होकार व्यसनामुळे नव्हे, तर लोकरीतीमुळे मिळू शकतात. मापाचा प्रश्नही असाच आहे. ‘ऑडिट’मधील एक प्रमाणित पेय म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ४२.८ टक्के मद्यार्काच्या विदेशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीत तो सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे सहा पेयांइतका असतो. ‘एक क्वार्टर’ हे उत्तर ‘एक पेय’ असे नोंदल्यास सारा हिशेब कोसळतो. हातभट्टीच्या वा मोहाच्या दारूची तीव्रता तर भट्टीगणिक बदलते. तंबाखूबाबत विचारताना विदर्भातील खर्ऱ्याचे नाव स्पष्ट घ्यावे लागते.

ज्या समूहात चाचणी वापरावयाची त्यात व्यसनाचे प्रमाण किती, हाही प्रश्न निर्णायक आहे. समजा, एखादी चाचणी शंभर व्यसनींपैकी ८० जणांना व शंभर निर्व्यसनींपैकी ८० जणांना अचूक ओळखते. १००० लोकांत १०० व्यसनी असतील, तर ८० खरे व १८० खोटे संशयित निघतील. दर दहा संशयितांत जेमतेम तीन खरे. व्यसनी ५०० असतील, तर ४०० खरे व १०० खोटे, म्हणजे दहांत आठ खरे. चाचणी तीच, पण गावातील आरोग्य शिबिरात आणि कारागृहात तिच्या निकालाचा अर्थ एक नव्हे.

मनोरुग्णांच्या बाबतीत अडचण निराळी. निद्रानाश, खिन्नता व भास ही लक्षणे आजाराची की दारूची, हे प्रथमदर्शनी कळत नाही. तीव्र मनोविकार असलेल्यास थोडी दारूही अपाय करते. तेव्हा ८ गुणांची मर्यादा त्याच्यासाठी फार वरची ठरू शकते. म्हणूनच अशा रुग्णांकरिता अमेरिकेत १९९८ साली ‘डाली’ ही १८ प्रश्नांची चाचणी तयार झाली. तीत मात्र कोकेनलाही स्थान असल्याने ती जशीच्या तशी विदर्भात आणणे योग्य नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था मनोविकारांत धरल्या आहेत आणि रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्कही मान्य केला आहे.

न्यायव्यवस्थेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्यसेवन हा राज्यभर गुन्हा आहे. पोलिसापुढील कबुली न्यायालयात ग्राह्य नसते. परंतु कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी पोलीस नव्हे, व आरोपीस हे बारकावे ठाऊकही नसतात. तो नाकारतो, आणि हे नाकारणे जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम व ज्वर यांसह घोर उन्माद उद्भवू शकतो. वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही संभवतो. हे दिवस नेमके कोठडीतले असतात. म्हणून कोठडीत पहिला प्रश्न ‘गेल्या वर्षी किती वेळा प्यालात?’ हा नव्हे, तर ‘शेवटची दारू केव्हा घेतली व पूर्वी ती सुटताना झटके आले होते काय?’ हा असला पाहिजे. जुन्या कैद्याच्या बाबतीत गेले वर्ष तुरुंगातच गेलेले असते. त्यास अटकेपूर्वीच्या काळाविषयी विचारावे लागते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस काही मर्यादित गुन्ह्यांबाबत खटल्यापासून संरक्षण दिले आहे. दारू त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा चाचणी घेणारी व्यक्ती तपासयंत्रणेपासून अलग असावी, उत्तरपत्रिका गुन्ह्याच्या कागदपत्रांत न जाता वैद्यकीय नोंदीत राहावी आणि हे दोन्ही उत्तर देणाऱ्यास त्याच्या बोलीत आधी सांगावे. एवढी व्यवस्था नसेल, तर मिळणारे शून्य गुण निर्व्यसनीपणा दाखवितात की भय, हे ठरविण्याचा मार्ग संशोधकापाशी उरत नाही.