वाटी घेऊन मागे धावताना

संध्याकाळचे सात वाजले, की आमच्या गल्लीतून एक वरात निघायची. पुढे दीड वर्षाचं पोरगं, त्याच्यामागे वरणभाताची वाटी घेतलेली आजी आणि तिच्यामागे मोबाइल धरून आई. "तो बघ भूभू, कर आ!" वरात मारुतीच्या देवळापर्यंत जायची आणि तासाभरानं अर्धी वाटी तशीच घेऊन परत यायची. मग घरात धुसफूस. "आमची चार पोरं वाढली, कधी मागं लागावं लागलं नाही," असं सासूबाई म्हणायच्या आणि सून ओट्यापाशी डोळे पुसायची.

एक दिवस ही सून माझ्याकडे आली. "काकू, हा काहीच खात नाही हो. मलाच भरवता येत नाही, असं घरात सगळे म्हणतात."

अंगणवाडीच्या कामाला मी अधूनमधून जाते. तिला म्हटलं, चल, आधी वजन बघू. वजन कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात निघालं. गाल तर चांगले गुबगुबीत! मग मी मोठ्या शहाणपणानं तिला समजावलं. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. पण पुढच्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही मंदावते. तेव्हा तू बिनघोर राहा. चहा पाजून मी तिला घरी पाठवलं.

सांगितलं ते खोटं नव्हतं. पण विचारायचं होतं ते मी विचारलंच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या अंगणात गेले, तर स्वारी तुळशीच्या कुंडीतली माती खात बसलेली. आजी कौतुकानं म्हणाल्या, "आमचा बाळकृष्णच आहे हो!" माझ्या पोटात मात्र धस्स झालं. त्याच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून बघितली, तर आत लाली नावाला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. या वयाला ते साधारण अकराच्या घरात हवं.

मग मी तो प्रश्न विचारला. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत याच्या पोटात काय काय जातं? सून बोटं मोजायला लागली. दुधाच्या चार बाटल्या, रात्रीची धरून. म्हणजे जवळजवळ लिटरभर. सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेली बिस्किटं. दुपारी रडला की कोपऱ्यावरच्या दुकानातली पाच रुपयांची पुडी. "पण काकू, हे काय जेवण थोडंच आहे?"

बायांनो, आपलं चुकतं ते इथंच. आपल्या हिशेबात वरणभात तेवढं खाणं. पोराचं पोट मात्र दुधानं टम्म भरलेलं. दुधात कॅल्शियम आहे, पण लोह जवळजवळ नाहीच. जे थोडं लोह जेवणातून जायचं, ते चहा अंगी लागू देत नाही. आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. आजी वाटी घेऊन धावणार नाही तर काय करणार?

गंमत म्हणजे, लोहाची बाटली घरातच होती. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचं हे औषध आशाताई देऊन गेल्या होत्या. "शी काळी होते" म्हणून ती फ्रिजवर पडून होती. या औषधानं शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आता रक्तच कमी निघाल्यामुळे डॉक्टरांनी डोस वेगळा लिहून दिला आणि तो काही महिने चुकवायचा नाही, असं बजावलं.

दुधाची बाटली बंद करायचं ठरलं, तेव्हा घरात महाभारत झालं. तीन रात्री पोरगं रडलं, चौथ्या रात्री झोपलं. आता दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध, तेही पेल्यानं आणि जेवणानंतर. (अंगावरचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत खुशाल द्यावं.) चहा बंद, पुडी बंद. तीन वेळा जेवण, दोन वेळा थोडं खाणं, मध्ये फक्त पाणी. डाळीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार. पालकाचं वरण आणि त्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह चांगलं अंगी लागतं. नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, खजूर बारीक करून. शेंगदाण्याचा कूट घाला, पण अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं एवढ्या लहान मुलाच्या हाती देऊ नका. घशात अडकतात.

मोबाइलही बंद. डोळे पडद्यावर असले की पोट भरलं की नाही हे पोराला कळतच नाही. त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, छोटी ताटली द्या, हातानं खाऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला, चकार शब्द न बोलता. काय द्यायचं, केव्हा द्यायचं, हे आपण ठरवावं. किती खायचं, हे त्याला ठरवू द्यावं. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडू नका, आठ-दहा वेळा तरी पुढे ठेवा.

आणि नाक दाबून, रडत्या तोंडात घास कोंबणं तर नकोच. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मी माझ्या लेकाला असंच भरवलंय, आज सांगायला लाज वाटते. तो वीस वर्षांचा घोडा झालाय, पण अजून दुधी भोपळा दिसला की ताटावरून उठतो.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. दहाच्या वर गेलंय. मातीकडे आता तो ढुंकून बघत नाही. परवा संध्याकाळी सात वाजता गेले, तर पोरगं पाटावर बसलेलं, भात नाकाला, कानाला आणि थोडासा तोंडात. खाली गेल्या आठवड्याची आपलीच पुरवणी पसरलेली. सासूबाई फडकं घेऊन तयार. "ही फरशी रोज कोण पुसणार, विचारा तुमच्या लाडक्या सुनेला," मला म्हणाल्या, आणि नातवाच्या ताटलीत आणखी एक चमचा वरण घातलं. त्यानं ते मागितलं होतं.