गाडी घ्यावी की न घ्यावी?

लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर महामार्गावरील मोठे गाव आहे. येथे पेट्रोल साठवण्याचे मोठे केंद्र आहे. तेथून टँकर भरून गावोगावी जातात. पण पेट्रोल जवळ आहे म्हणून प्रत्येक घराला मोटार हवीच का? याचे उत्तर हिशेबाने शोधावे.

मोटारीचा खर्च दोन प्रकारचा असतो. गाडी चालली की पेट्रोल लागते. पण ती दारात उभी असली, तरी विमा भरावाच लागतो. कर्ज काढले असेल, तर हप्ताही थांबत नाही. शिवाय गाडी जुनी होते, तशी तिची किंमत घटते.

आता गरज पाहू. पुण्याला जायला पीएमपीएमएलची बस आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर लोणी स्थानक आहे. रोज हडपसरला कामाला जाणाऱ्याचे काम बसच्या पासावर भागू शकते.

पण समजा, मध्यरात्री दादीला धाप लागली, तर? १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही मोफत सेवा २०१४ साली सुरू झाली. मात्र दादीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचे असेल आणि तिला बसची पायरी चढवत नसेल, तर त्या घराची गरज वेगळी आहे.

म्हणून महिनाभर घरातील प्रत्येक प्रवास वहीत लिहावा. बसने किंवा रेल्वेने जमलेच नसते, असे प्रवास मोजावेत. ते दोन-चारच असतील, तर रिक्षा स्वस्त पडेल. पुष्कळ असतील, तर गाडी ही चैन नव्हे. शेजाऱ्याची गाडी पाहून नव्हे, तर आपली वही पाहून निर्णय घ्यावा.