बाल्टोरोची वाट आणि पाठीवरचे ओझे

जगातले दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले झोपेतही देतील. के-टू, उंची 8611 मीटर. त्यावर पहिल्यांदा कोण चढले, हेही काहींना पाठ असते. 31 जुलै 1954, कोंपान्योनी आणि लाचेदेल्ली, दोघेही इटालियन. पण त्या दोघांसाठी प्राणवायूचे सिलिंडर आदल्या दिवशी कोणी वर नेले, हे कुठल्याच गाईडमध्ये छापलेले नसते. त्यात एक माणूस हुंझाचा होता. त्याचे नाव अमीर मेहदी. त्याच्याकडे आपण येऊच, पण आधी ती वाट पाहू.

के-टूच्या पायथ्याशी जाणारा ट्रेक जगातल्या सर्वांत कठीण पायी प्रवासांपैकी एक मानला जातो. हा भाग म्हणजे गिलगिट-बाल्टिस्तान. जुन्या जम्मू-काश्मीर संस्थानाचा हा तुकडा 1947-48 पासून पाकिस्तानच्या ताब्यात आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे ट्रेकला जाणे आज जवळपास अशक्यच. मग त्यावर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की दर उन्हाळ्यात आपल्याच घरांतली तरुण मुले-मुली कंपन्यांबरोबर हिमालयात जाऊ लागली आहेत. पैसे भरले की तंबू उभा मिळतो, चहा हातात येतो, सॅकही दुसरा कोणी उचलतो. तो दुसरा कोण, हा प्रश्न बाल्टोरोच्या वाटेवर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

प्रवास स्कर्दूपासून सुरू होतो. तिथून जीपने शिगरचे खोरे, मग ब्राल्डू नदीच्या कडेने खोदलेला अरुंद रस्ता, आणि शेवटी सुमारे 3000 मीटरवरचे अस्कोले. गहू, जव आणि वाटाण्याची छोटी शेते, मातीची घरे. यापुढे गाव नाही, दुकान नाही, दवाखाना नाही. जे लागेल ते पाठीवर. जाऊन-येऊन सुमारे दोन आठवडे.

इथे थोडे गणित करू. समजा आठ जणांचा गट आहे. त्यांचे तंबू, सामान, शिधा, इंधन मिळून 500 किलो झाले. एका पोर्टरने 25 किलो उचलायचे असा तिथला नियम आहे, म्हणजे वीस पोर्टर. पण हे वीस जणही जेवणारच. रोज माणशी एक किलो शिधा-सरपण धरले, तरी दहा दिवसांचे 200 किलो. ते वाहायला आणखी आठ जण. त्या आठ जणांचे जेवण वाहायला आणखी तीन-चार. आठ माणसांच्या सहलीसाठी तीस-बत्तीस माणसे चालतात ती अशी. शिधा संपत जातो तसतसे ओझे कमी होते आणि ज्यांचे ओझे संपले त्यांना वाटेतूनच मजुरी देऊन परत पाठवतात. काही गट खेचरे घेतात. कधी एखादी बकरीही सोबत चालत असते, पण तिचा प्रवास फार लांबचा नसतो.

झोला, मग पैजू. पैजू या शब्दाचा बाल्टी भाषेत अर्थ मीठ. इथे थोडी झाडी आहे, त्यानंतर झाड दिसत नाही. म्हणून बहुतेक गट इथे एक दिवस मुक्काम वाढवतात. पाहुणे विश्रांती घेतात, पोर्टर मात्र पुढच्या दिवसांच्या रोट्या भाजतात. जुनी पद्धत अशी, की तापवलेल्या दगडाभोवती कणीक थापायची आणि निखाऱ्यांजवळ ठेवायची. आतून दगड भाजतो, बाहेरून आग. दगड काढला की जाड, पोकळ रोटी उरते. ती दिवसेंदिवस टिकते. सोबत मिठाचा चहा.

पैजूनंतर बाल्टोरो हिमनदी सुरू होते. लांबी 60 किलोमीटरहून जास्त. हिमनदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी गुळगुळीत चादर येते. बाल्टोरोचा खालचा भाग तसा मुळीच नाही. तिथे दिसतो तो दगडांचा राडारोडा, मैलोन्‌मैल. बर्फ त्याच्याखाली असतो. पायाखालचा दगड कधी सरकेल, कुठे भेग उघडेल, कालचा ओढा आज किती फुगला असेल, याचा भरवसा नाही. हिमनदी हळूहळू वाहत असते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट या वर्षी तिथेच असेल असे नाही. नकाशा इथे अर्धाच उपयोगाचा. वाटाड्याचे डोळेच खरे. सकाळी लवकर निघायचे कारणही तेच. उन्हाने बर्फ वितळू लागला की दुपारपर्यंत ओढे कमरेएवढे होतात.

वाटाड्याचे दुसरे काम याहून मोठे. 5000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. शरीराला हळूहळू सवय होते, पण घाई केली तर जीव जातो. म्हणून 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, असा दंडक आहे. डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही, इथवर थांबून पाहता येते. पण चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलण्यात गोंधळ आला, तर एकच इलाज: ताबडतोब खाली उतरवणे, रात्र असली तरी. पैसे भरलेला पाहुणा अशा वेळी ऐकत नाही. त्याला ठामपणे परत फिरवणारा वाटाड्या मिळणे हे नशीब समजावे.

उर्दुकस सुमारे 4000 मीटरवर. इथून समोर ट्रँगोचे दगडी मनोरे दिसतात. त्यापुढे दोन-तीन मुक्काम थेट बर्फावर. पाहुण्यांसाठी जाड गाद्या आणि पिसांच्या स्लीपिंग बॅगा. पोर्टर दगडांचे गोल आडोसे रचतात, वर प्लास्टिकचा कागद ताणतात आणि एकमेकांना बिलगून रात्र काढतात.

आमच्या वाचकांच्या मनात एक प्रश्न नक्की येईल, तो म्हणजे तिथे नमाजचे काय? बाल्टी लोकांत बहुसंख्य शिया आणि नूरबख्शी आहेत. परंपरा सांगते की चौदाव्या शतकात मीर सय्यद अली हमदानी यांच्यामुळे इथे इस्लाम आला. त्यांचे वुजूचे मसले आपल्याहून थोडे वेगळे आहेत. सुन्नी मुसाफिराला मात्र चामड्याच्या मोज्यांवर तीन दिवस-रात्र मसहची सवलत आहे, आणि पाण्याने इजा होण्याची खरी भीती असेल तर तयम्मुमचीही. तयम्मुमला लागणारे दगड-माती बाल्टोरोवर कमी पडणार नाहीत! बाकी तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. किब्ल्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईत आपण पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे वळून उभे राहतो. बाल्टोरोवर पश्चिमेपासून किंचित दक्षिणेकडे वळावे लागते. भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल हातात घेऊन हे मुलांना दाखवावे, लगेच समजते.

मग येते कॉनकॉर्डिया, सुमारे 4600 मीटर. दोन प्रचंड हिमनद्या इथे एकमेकींना मिळतात. इंग्रज गिर्यारोहक मार्टिन कॉन्वे 1892 मध्ये इथे आला, नाव त्याचेच. आठ हजार मीटरपेक्षा उंच अशी जगात चौदा शिखरे, त्यातली चार या परिसरात उभी आहेत. के-टू, ब्रॉड पीक आणि दोन गाशरब्रुम. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला के-टूचा पिरॅमिड एकदम समोर उभा राहतो. अल्लाहची कुदरत म्हणतात ती हीच, याहून जास्त शब्द मी खर्च करणार नाही. ‘के-टू’ हे नाव तसे कोरडेच. 1856 मध्ये मोजणी खात्याच्या माँटगोमेरीने काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावरून, दोनशेहून जास्त किलोमीटरवरून, काराकोरमची शिखरे टिपली आणि त्यांना के-वन, के-टू असे क्रमांक दिले. बाल्टी लोक त्याला छोगोरी म्हणतात, म्हणजे मोठा पर्वत.

इथून बेस कॅम्प एका दिवसाच्या चालीवर, सुमारे 5000 मीटर. त्याच्याजवळ दगडांचा एक ढिगारा आहे, गिल्की स्मारक. 1953 मध्ये मरण पावलेल्या आर्ट गिल्की या अमेरिकन गिर्यारोहकासाठी त्याच्या साथीदारांनी तो रचला. नंतर जे जे इथे गेले त्यांची नावे धातूच्या पत्र्यांवर, कधी जेवणाच्या थाळ्यांवर ठोकून तिथे लावली जाऊ लागली. काही नावे पोर्टरांची आहेत.

आता अमीर मेहदी. 1953 मध्ये नंगा पर्वताच्या शिखरावरून एकटा परतलेला हर्मन बूल पायांनी अधू झाला होता, त्याला पाठीवर घेऊन खाली आणणाऱ्यांत मेहदी होते. पुढच्या वर्षी ते इटालियन मोहिमेबरोबर के-टूवर गेले. शेकडो पोर्टरांनी वाहून नेलेली ती मोहीम. शेवटच्या चढाईच्या आदल्या दिवशी मेहदी आणि तरुण वॉल्टर बोनात्ती सिलिंडर घेऊन वर निघाले. ठरलेल्या जागी वरच्या दोघांचा तंबू नव्हता, तो आणखी वर, अवघड जागी लावलेला होता. अंधार पडला. सुमारे 8100 मीटरवर, तंबूशिवाय, स्लीपिंग बॅगशिवाय, दोघांनी बर्फात खोदलेल्या कट्ट्यावर रात्र काढली. उजाडताच मेहदी खाली निघाले. सिलिंडर मात्र वरच्या दोघांना मिळाले आणि त्याच संध्याकाळी शिखर सर झाले. मेहदींच्या पायांत त्यांच्या मापाचे, त्या उंचीचे बूट नव्हते. पायांची सगळी बोटे कापावी लागली, कित्येक महिने इस्पितळात गेले. पुन्हा ते मोठ्या पर्वतावर गेले नाहीत. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले. बोनात्तीवर उलट आरोप झाले, तो अर्धे शतक लढला आणि शेवटी इटलीच्या गिर्यारोहण संस्थेने त्याचे म्हणणे मान्य केले. त्याला लिहिता येत होते, त्याची पुस्तके निघाली. मेहदींचे पुस्तक नाही. एव्हरेस्टच्या तेनसिंगचे नाव आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे, ते योग्यच आहे. पण मेहदी शिखराच्या अलीकडे पाचशे मीटरवर राहिले म्हणून गाईडमध्ये नाहीत.

सदपारा गावचे मुहम्मद अली यांची गोष्ट थोडी वेगळी. तेही बाल्टोरोवर पोर्टर म्हणूनच राबले, पण पुढे बरोबरीच्या नात्याने चढले. 26 फेब्रुवारी 2016 रोजी, हिवाळ्यात नंगा पर्वतावर पहिल्यांदा पोहोचलेल्या तिघांत ते होते. फेब्रुवारी 2021 मध्ये के-टूवर ते दोन परदेशी साथीदारांसह बेपत्ता झाले. मुलगा साजिद बरोबर होता, त्याचे प्राणवायूचे उपकरण बिघडले म्हणून तो बॉटलनेकजवळून मागे फिरला आणि वाचला. जुलैमध्ये मृतदेह सापडला तेव्हा साजिद पुन्हा वर गेला आणि वडिलांना त्याने तिथेच बर्फात दफन केले. मरहूम अली यांच्यासाठी साऱ्या देशाने दुआ मागितली होती.

आणि 27 जुलै 2023. शिगर भागातला मुहम्मद हसन, वय 27, तीन मुलांचा बाप, बॉटलनेक या के-टूवरच्या सर्वांत धोक्याच्या जागी घसरला. सुमारे 8200 मीटरवर अरुंद पायवाट, शिखराकडे निघालेल्यांची रांग. त्याला ओढून घेतले गेले, काहींनी प्रयत्नही केले, पण तो वारला. त्याच्या बाजूने, त्याच्यावरून पाय टाकून रांग पुढे सरकतानाचे चित्रण जगाने पाहिले. त्या उंचीवर माणूस खाली आणणे फार कठीण असते, हे खरे आहे, आणि दुरून निवाडा करणे सोपे असते, हेही. पण एक प्रश्न घसरण्याच्या आधीचा आहे. त्या उंचीचा पुरेसा अनुभव आणि पुरता पोशाख नसलेला माणूस तिथे दोर लावायला पाठवला कोणी? 1954 मध्ये बूट, 2023 मध्ये पोशाख. हसन घरच्या गरजेपोटी तिथे गेला होता. त्याच्या कुटुंबासाठी परदेशातल्या लोकांनी नंतर पैसे जमवले, हेही नोंदवायला हवे.

मजुरी वेळेवर देण्याविषयीची हदीस आपल्या मुलांना मकतबमध्येच शिकवली जाते. ट्रेकची फी भरताना ती आठवायला काय हरकत आहे? कंपनीला सरळ विचारावे. पोर्टरच्या पाठीवर किती किलो? त्याला बूट, चष्मा, रात्रीचा तंबू कोण देते? विमा आहे का, आणि तो मेला तर रक्कम घरी कोण पोहोचवते? उंचीचा त्रास त्याला झाला तर त्याला एकट्याला खाली पाठवतात की सोबत कोणी देतात? पाहुण्यासाठी हेलिकॉप्टर आणि हमालासाठी ‘तू हळूहळू जा’ असे घडते, आपल्याकडच्या डोंगरांतही घडते. जी कंपनी या प्रश्नांवर चिडते तिच्याबरोबर पोरांना पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सॅक पंधरा किलोची करून दुसऱ्याच्या पाठीवर देण्यापेक्षा त्यातली तीन जादा जॅकेटे घरीच राहू द्यावीत.

बाल्टी माणसे भेटायला मात्र पासपोर्ट लागत नाही. लडाखमधले तुर्तुक आणि शेजारची तीन गावे डिसेंबर 1971 च्या युद्धात भारतात आली. 2010 पासून तुर्तुक पर्यटकांना खुले आहे, आणि नुब्राच्या सहलीला गेलेले मराठी लोक आता तिथवर जातात. बोली तीच, जर्दाळूची झाडे तीच. कित्येक घरांचे अर्धे नातेवाईक त्या बाजूला आहेत. सियाचेनचे पाणी नुब्रा नदीतून श्योकमध्ये येते, तुर्तुकवरून वाहत जाते आणि स्कर्दूच्या अलीकडे सिंधूला मिळते. बाल्टोरोचे पाणी ब्राल्डू आणि शिगरमधून स्कर्दूजवळ त्याच सिंधूत येते. गावातली बरीच मंडळी उर्दू बोलतात, तेव्हा भाषेची अडचण नाही. जर्दाळू घ्याल तेव्हा घासाघीस न करता घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ थोडा वेळ बसा.