जाहिरातीचा नवा हुनर : क्लासपेक्षा उमेदवारी बरी

यंत्रमागाच्या गावांतून सध्या एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, तिशीच्या आसपासचा माणूस, दहा-बारा वर्षे मागावर किंवा कापडाच्या गाळ्यावर काढलेला, दोन मुलांचा बाप, विचारतो की हे डिजिटल मार्केटिंग म्हणतात ते काय आहे आणि या वयात ते मला जमेल काय? त्याच्या हातात एखाद्या क्लासचा कागद असतो. तीन महिन्यांचा कोर्स, फी पन्नास-साठ हजार, नोकरीची 'हमी'. ही रक्कम अनेकदा बायकोचा दागिना मोडून किंवा उधारीने उभी करायची असते. म्हणून आम्ही या विषयाची थोडी फोड करून सांगणे जरूर समजतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. दुकानाची पाटी, हँडबिल आणि रिक्षावरचा भोंगा जे काम करीत आले तेच मोबाइलच्या पडद्यावर करणे, एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच की भोंगा ऐकून किती लोक आले हे कोणी मोजत नव्हते आणि येथे जवळपास सर्वच मोजता येते.

गिऱ्हाईक येण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. एखाद्या बाईने गूगलवर 'लग्नासाठी पैठणी' असे लिहिले तर ती मागणी घेऊनच आलेली असते. तिच्यापुढे कोणाची जाहिरात यावी याचा लिलाव प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणार्धात होतो. हा लिलाव केवळ जास्त बोली लावणाऱ्याचा नसतो. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते आणि ती उघडल्यावर दिसणारे पान गिऱ्हाइकाच्या किती उपयोगाचे आहे, हेही त्यात धरले जाते. त्यामुळे मोठ्या पेढीपेक्षा कमी बोली लावूनही लहान दुकानदार वर येऊ शकतो. अशा शोधाच्या जाहिरातीत पैसे सहसा जाहिरात दिसल्याचे नव्हे तर तिच्यावर बोट पडल्याचे लागतात. इन्स्टाग्राम-फेसबुकची गोष्ट वेगळी. तेथला माणूस खरेदीला निघालेला नसतो, रस्त्याने चाललेला असतो. त्याची नजर थांबवावी लागते, म्हणजे हे शोकेसचे काम झाले. तिसरी वाट जुन्या गिऱ्हाइकाची. व्हॉट्सअॅप बिझनेस २०१८ साली आले, पुढे त्यात मालाचा कॅटलॉगही ठेवता येऊ लागला. खातेदाराला नवा माल आल्याचा निरोप पाठवणे हे आपले जुनेच काम तेथे होते.

आता हिशेब पाहू, कारण या हुनराचा जीव हिशेबात आहे. समजा जाहिरातीवर तीन हजार रुपये खर्चले. तीनशे लोकांनी बोट लावले, म्हणजे दर माणशी दहा रुपये. त्यातल्या तीस जणांनी भाव विचारला आणि सहा जणांनी माल मागवला. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च पाचशे रुपये झाला. नगामागे नफा साडेतीनशे असेल तर हा सौदा घाट्याचा आहे, मग त्या जाहिरातीला हजार लाइक मिळोत की दहा हजार. आता त्या सहांपैकी दोन जणांचा माल 'घेत नाही' म्हणून कुरियरवाल्याने परत आणला, तर खर्च चार ऑर्डरींवर पडला, म्हणजे प्रत्येकी साडेसातशे. शिवाय जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. उलट बाजूने, तेच गिऱ्हाईक वर्षात तीन वेळा पुन्हा आले तर पहिला घाटा भरून निघून नफा राहतो. हा आकडा मांडता येणारा माणूस कामाचा. नुसती रंगीत चित्रे बनवणारा गल्लोगल्ली मिळतो.

आणि येथेच आमच्या वाचकांची बाजू वर आहे. कॉम्प्युटर नवखा माणूस शिकू शकतो, पण कापडाची ओळख वर्षे घेते. कॉटन आणि पीसीमधला फरक बोटांनी सांगणे, कोणता रंग फोटोत एक आणि उजेडात दुसरा दिसेल हे ओळखणे, 'धुतल्यावर आटेल का?' या सवालाचे खरे उत्तर देणे, ईदच्या किती आठवडे आधी कोणता माल हलतो हे जाणणे, हे क्लासमध्ये मिळत नाही. जाहिरातीत लिहायचे तेच असते. उर्दू शाळेत शिकलेल्यांना मराठी-इंग्रजीची धास्ती वाटते, ती आम्ही समजू शकतो. पण बाजार हिंदी, मराठी, उर्दू सर्व बोलींत चालतो. चार बोलींत गिऱ्हाइकाशी बोलणारा सेल्समन येथे कमी नव्हे, जास्त किमतीचा ठरतो. इंग्रजी थोडी शिकावी लागेल, कारण जाहिरातीची बटणे आणि त्यांचे नियम बहुतेक इंग्रजीतूनच समजून घ्यावे लागतात. ते टळत नाही.

मग शिकावे कोठे? मागावर मूल कसे तयार होई? आधी कांड्या भरणे, मग तुटलेला धागा जोडणे, मग एक माग आणि सरतेशेवटी चार. कोणी त्याला वही देऊन माग शिकवला नाही. जाहिरातीचा हुनरही याच जातीचा आहे. दुसऱ्याच्या पैशाने, उस्तादाच्या नजरेखाली, खऱ्या मालाची खरी जाहिरात चालवल्याशिवाय हात बसत नाही. क्लासमध्ये खोट्या दुकानाची खोटी जाहिरात बनवतात. त्यात तीन हजार बुडाल्याची कळ कोणाला लागत नाही.

शागिर्दीची ही वाट कायद्यानेही बांधलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. फिटर, टर्नर, वेल्डर यांच्यासाठीच तो आहे असा आपल्याकडे समज आहे. परंतु २०१४ च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक व्यवसाय' त्यात आले आणि सेवाक्षेत्रातील नवनवी कामे, डिजिटल मार्केटिंगसुद्धा, उमेदवारीने शिकवण्यास वाट मोकळी झाली. अशा उमेदवारीची मुदत सहा महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत असू शकते. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते एकोणतीस माणसांच्या पेढीला ते ऐच्छिक आहे. म्हणजे चार नोकरांचे कापडदुकानही उमेदवार ठेवू शकते.

विद्यावेतनाचे किमान दर त्याच २०१९ च्या नियमांत ठरले. पाचवी ते नववी शिकलेल्यास महिना ५,००० रुपये, दहावी पास ६,०००, बारावी ७,००० आणि पदवीधरास ९,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. म्हणून सही करण्याच्या दिवशी कोणता दर लागू आहे ते पाहून घ्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते आणि तो आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जातो. ६,००० च्या दराने दहावी पास उमेदवार ठेवला तर पेढीच्या गल्ल्यातून ४,५०० जातात. मात्र सरकारचा हा हिस्सा पस्तीस वर्षे वयापर्यंतच्या उमेदवारासाठी आहे. चाळिशीतल्या बांधवाने त्याची आस ठेवू नये. ब्रिटनमध्ये शागिर्दीला वयाची वरची मर्यादा नाही आणि 'मल्टी-चॅनल मार्केटर' नावाची रीतसर उमेदवारी तेथे आहे. तेथे स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांतील मुलांना याची खबर द्यावी.

आता अप्रिय गोष्ट. सहा किंवा नऊ हजारांत घर चालत नाही. अविवाहित मुलाचे निभेल, पण ज्याच्या पगारावर चार तोंडे आहेत त्याचे नाही. अशाने नोकरी सोडून उमेदवारीस जाण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का ते पाहावे, अथवा भाऊ तेवढे दिवस घर ओढेल का ते स्पष्ट बोलून घ्यावे. तेही नसेल तर आमच्या मते तिसरा मार्ग सर्वांत चांगला आहे. आपल्याच शेठला सांगावे की आहे त्याच पगारावर रोज दोन तास दुकानाच्या ऑनलाइन कामाला द्या. पुष्कळ शेठ तयार होतात, कारण त्यांनाही या कामासाठी भरवशाचा माणूस मिळत नाही. याला ना कायदा लागतो ना अर्ज. सहा महिन्यांनी त्या माणसाजवळ दाखवायला खऱ्या दुकानाचा खरा हिशेब असतो.

जो करार करून जाईल त्याने काही गोष्टी पारखून घ्याव्यात. करार लेखी असावा आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याची नोंद झालेली असावी. तोंडी 'ट्रेनी' म्हणून राबवून घेणारे फार आहेत, त्यांना उमेदवारी म्हणत नाहीत. शिकवणारा कोण हे विचारावे. ज्या कचेरीत स्वतः जाहिरात चालवणारा एकही जुना माणूस नाही तेथे शागीर्द कोणाचा व्हायचे? दिवसभर कोणते काम देणार हेही विचारावे. सहा महिने नुसती सणांच्या शुभेच्छांची चित्रे बनवून घेतली तर हाती काही लागत नाही. जाहिरात खात्यातला खर्च आणि विक्री पाहण्याची मुभा मिळते की नाही, ही खरी कसोटी. आणि हेही ध्यानात असू द्यावे की कायद्याच्या नजरेत उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. करारात तसे लिहिले नसेल तर मुदत संपल्यावर त्याच पेढीने नोकरी देणे बंधनकारक नाही.

उमेदवार ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांनाही दोन शब्द. गूगलवरील दुकानाची नोंद, इन्स्टाग्रामचे पान, जाहिरात खाते आणि व्हॉट्सअॅपचा नंबर हे सर्व दुकानाच्या नावावर व मालकाच्या मोबाइलवर उघडावे आणि उमेदवाराला फक्त वापराची परवानगी द्यावी. आमच्या ओळखीच्या एका पेढीचे पान बाहेरच्या एजंटाने आपल्याच नावावर उघडले होते. बिलावरून वाद होताच त्याने किल्ली देण्याचे नाकारले. पाच वर्षांची गिऱ्हाइके त्या पानावर होती. दुसरे, शागिर्दाला खोटे लिहायला लावू नये. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून खपवणे आणि नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लावून घेणे याला काही लोक मार्केटिंग समजतात. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाईस पात्र आहे, आणि फसलेले गिऱ्हाईक आता शेजारणीला सांगून थांबत नाही, फोटोसह सर्वांसमोर लिहून ठेवते.

विद्यावेतन अडवले, कबूल केलेले शिक्षण दिले नाही किंवा उलट उमेदवारच मध्ये निघून गेला, तर कराराबाबतचा असा तंटा कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. प्राथमिक चौकशी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये करावी. जाताना कराराची प्रत, पोर्टलवरील नोंदणी क्रमांक आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत असावी.