‘वीस अंशांचा फरक’ : मोटारघरातील वातानुकूलन

अमेरिकेच्या नैऋत्य भागात उन्हाळ्यात मोटारघर घेऊन हिंडणाऱ्या लोकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : ‘वातानुकूलन यंत्र वीस अंशांचा फरक पाडते.’ हे विधान असत्य नव्हे. परंतु ‘फरक’ हा शब्द कोणत्या दोहोंमधील, अशी अपेक्षा ठेवतो आणि येथे ते दोन्ही घटक अध्याहृत आहेत. श्रोता ते आपल्या समजुतीने भरून काढतो. बाहेर ११० अंश फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) असेल, तर आत ९० च्या खाली उतरणे अशक्य, असा त्याचा ग्रह होतो.

यंत्रज्ञाला अभिप्रेत असलेला फरक निराळा आहे. यंत्रात शिरणारी घरातील हवा आणि त्यातून बाहेर पडणारी थंड हवा यांमधील तो फरक होय. आतील हवा ९० अंशांवर असता झरोक्यातून सुमारे ७० अंशांची हवा येते. तीच ८० वर उतरली, की सुमारे ६० अंशांची येते. म्हणजे बाहेरच्या उन्हाशी या विसाचा साक्षात संबंध नाही.

मग तापमान उतरावयाचे कोठे थांबते? यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते उष्णता उपसते. गळक्या होडीतील पाणी उपसावे तसेच हे आहे : आत येणारे आणि उपसलेले समसमान झाले, की पातळी स्थिरावते. छतावरील यंत्राची शक्ती बहुधा ताशी १३,५०० किंवा १५,००० बीटीयू असते. १२,००० बीटीयूंस ‘एक टन’ म्हणतात. येथे टन हे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळविणाऱ्या उष्णतेवरून हे माप आले. अर्थात मोठे यंत्र सव्वा टनाचे झाले.

ही शक्ती अपुरी पडते ती गळतीमुळे. मोटारघराच्या भिंती पातळ, समोरची काच प्रशस्त आणि छत दिवसभर उन्हात. शिवाय बाहेरची हवा जितकी तप्त, तितके तिच्यात उष्णता टाकणे यंत्राला कठीण. दुसरे यंत्र जोडावे, तर विजेची मर्यादा आड येते : १२० व्होल्टांच्या ३० ॲम्पिअर जोडणीवर ३,६०० वॅटच मिळतात.

फीनिक्स शहरी २०२३ च्या जुलैअखेरीस सलग ३१ दिवस पारा ११० अंशांना पोहोचला वा त्यापुढे गेला. अशा उन्हाळ्यात वरील अर्थभेद केवळ कोशातला राहत नाही. घरातील मुले व वृद्ध यांच्या जिवाशी त्याची गाठ असते. म्हणून तापमापक दोन्ही झरोक्यांपाशी धरून पाहावा. फरक विसाच्या आसपास असूनही घर तापलेलेच राहिले, तर दोष यंत्राचा नसून गळतीचा : गाडी सावलीत न्यावी, काच झाकावी, यंत्र सकाळीच सुरू करावे. कोरड्या हवेतही फरक फारच कमी भरला, तर आधी गाळणी तपासावी, नंतर यंत्र. आणि एवढे करूनही आतील पारा उतरत नसेल, तर ‘वीस अंश तर कमी झाले’ या समाधानावर न राहता माणसांना दुसऱ्या थंड जागी हलवावे.